धरणांच्या नदीतून समुद्राकडे: सॅमनच्या पिल्लांचं काय होतं?

काठावरची

अमेरिकेच्या वायव्येला कोलंबिया नदीवरचं बॉनविल धरण बघायला आलेला पाहुणा हमखास एका जागी रेंगाळतो, माशांच्या शिडीच्या काचेसमोर. टप्प्याटप्प्यानं पाणी खाली सोडलेलं असतं, हातभर लांबीचे सॅमन प्रवाह अंगावर घेत एकेक टप्पा चढतात आणि आतल्या खोलीत बसलेली माणसं प्रत्येक माशाची नोंद करतात. पाहुणा समाधानानं परततो. धरण बांधलं खरं, पण माशांचीही सोय केली, असं त्याला वाटतं.

हा समज दूर व्हावा म्हणून हा धागा काढते आहे. शिडी आहे ती समुद्रातून अंडी घालायला परतणाऱ्या मोठ्या माशांसाठी. डोंगरातून समुद्राकडे निघालेल्या, वीतभरही नसलेल्या पिल्लांना तिचा काडीचा उपयोग नाही. ग्रँड कूली किंवा हेल्स कॅन्यनसारख्या धरणांना शिडीच नाही, तिथलं वरचं खोरं सॅमनला कायमचं बंद झालं. ती गोष्ट वेगळी. पण जिथं शिड्या आहेत तिथं मोठे मासे बऱ्यापैकी वर चढतात. मार बसतो तो पिल्लांना, खाली जाताना.

सुरुवात आयडाहो राज्यातल्या एखाद्या थंडगार ओढ्यापासून करू. चिनूक सॅमनची मादी शेपटीनं गोटे उकरून खळगा करते आणि त्यात अंडी घालते. अख्खा हिवाळा ती अंडी गोट्यांखाली असतात. बाहेर आलेलं पिल्लू आधी पोटाला चिकटलेल्या बलकाच्या पिशवीवर जगतं, मग किडे टिपायला लागतं. या वयात त्याच्या अंगावर कुणी बोटं उमटवावीत तसे गडद पट्टे असतात आणि ते आपली जागा सोडत नाही, दुसरं पिल्लू आलं तर हुसकावून लावतं. साधारण वर्षभरानं, बर्फ वितळून नदी फुगते तेव्हा त्याच्यात बदल सुरू होतात. पट्टे जाऊन अंग चंदेरी होतं. कल्ल्यांमधल्या पेशी मीठ बाहेर टाकायच्या तयारीला लागतात. भांडखोर पिल्लं झुंडीनं फिरू लागतात. आणि एका रात्री ती निघतात.

पुढचं सगळं समजून घ्यायला एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी लागते. हे पिल्लू समुद्रापर्यंत पोहून जात नाही, वाहून जातं. बराचसा प्रवास तोंड वरच्या बाजूला आणि शेपटी समुद्राकडे ठेवून, पाण्याच्या वेगानं. स्वतःची ताकद ते जवळजवळ खर्चच करत नाही. नदी त्याला नेते. शिवाय अंगातला बदल मुदतीचा असतो. फार उशीर झाला तर शरीर खाऱ्या पाण्याची तयारी सोडून पुन्हा गोड्या पाण्याकडे वळू शकतं.

आता या वाटेवर आठ धरणं आहेत. कोलंबियाची उपनदी स्नेक, तिच्यावर लोअर ग्रॅनाइट, लिटल गूस, लोअर मॉन्युमेंटल, आइस हार्बर. कोलंबियावर मॅकनेरी, जॉन डे, द डॅलेस आणि शेवटी बॉनविल. सर्वांत जुनं बॉनविल १९३८ चं, सर्वांत नवं लोअर ग्रॅनाइट १९७५ चं. आयडाहोतल्या लुइस्टन गावापासून बॉनविलपर्यंत सुमारे ५०० किलोमीटर नदी जवळपास सलग जलाशयांची माळ झाली आहे. वाहून नेणारं पाणीच थबकलं, तर वाहून जायला निघालेल्या जिवानं करायचं काय? त्याला पोहावं लागतं. पूर्वी दोन-तीन आठवड्यांत संपणारा प्रवास कमी पाण्याच्या वर्षी महिना उलटून जातो तरी संपत नाही.

प्रत्येक भिंतीशी पिल्लापुढे तीन वाटा असतात. टर्बाइनमधून. टर्बाइनच्या तोंडाशी लावलेल्या जाळ्यांनी अडवून वळवलेल्या बगलमार्गातून. किंवा सांडव्यावरून. तीन वाटांत सांडवा सगळ्यात बरा. पण इथंही गोम आहे. पिल्लं पृष्ठभागाजवळ, वरच्या पाच-सहा मीटर पाण्यात असतात, आणि सांडव्याचे नेहमीचे दरवाजे उघडतात ते पृष्ठभागापासून सुमारे १५ मीटर खाली. पिल्लं दारापाशी तासन् तास घुटमळतात, कारण खोल बुडी मारणं त्यांच्या स्वभावात नाही. २००१ साली लोअर ग्रॅनाइटला सांडव्याच्या एका दारात वरून पाणी सोडणारा उंच बांध बसवला, तेव्हा पिल्लं त्यावरून आपणहून जाऊ लागली. मग ती सोय एकेक करत इतर धरणांवरही झाली. मला ही सुधारणा मनापासून आवडते, कारण ती करणाऱ्यांनी आधी पिल्लू काय करतं ते पाहिलं.

तरीही हिशेब असा. एका धरणातून १०० पैकी ९५ पिल्लं जगून पार पडली तर तो आकडा उत्तम दिसतो. आठ धरणांनंतर त्या शंभरातली ६६ उरतात. आणि हे फक्त भिंतींचं झालं, मधल्या जलाशयांचं नाही. खाडीत पोहोचेपर्यंत थकून, खरचटून, उशिरा आल्यामुळे पुढे समुद्रात मरणारी पिल्लं तर या हिशेबात धरलेलीच नाहीत.

मुशाफिर

छान लिहिलंयत. टर्बाइनमध्ये नेमकं काय होतं? पाती लागून पिल्लं कापली जातात, असंच मी आजवर समजत होतो.

टर्बाइनवाला

मुशाफिर, जलविद्युत क्षेत्रात काम केलंय म्हणून उत्तर देतो. पाती लागतात, पण वाटतं तितकी नाही. या धरणांवर बहुतेक कॅप्लान टर्बाइन आहेत, पाती मोजकी आणि फेरे मिनिटाला शंभराच्या आत. १५ सेंटिमीटरचं पिल्लू दोन पात्यांमधून निसटू शकतं. मासा जितका लांब तितका धोका जास्त, त्यामुळे समुद्रात जाऊन परत येणारा स्टीलहेड ट्राउट उलट खाली उतरताना टर्बाइनमध्ये सापडला तर त्याचं कठीण असतं.

खरा घात दाबाचा. पिल्लाच्या पोटात वाताशय असतो, हवेची पिशवी. टर्बाइनकडे ओढलं जाताना ते खोल जातं, दाब वाढतो. पाती ओलांडताक्षणी दाब एकदम कोसळतो, कधी कधी वातावरणाच्या दाबाच्याही खाली. निमिषभराचा खेळ. ती पिशवी फुगते, फुटू शकते, डोळे बाहेर येतात, कल्ल्यांत रक्त साकळतं. वेगवेगळ्या वेगाचे प्रवाह एकमेकांना घासतात तिथं खवले निघतात, कल्ल्यांची झाकणं उलटतात. आणि जे फक्त भोवंडून बाहेर पडतं ते धरणाखालच्या फेसाळ पाण्यात काही वेळ दिशाहीन असतं. तिथं कुरव पक्षी टपलेलेच असतात.

हे सगळं लक्षात घेऊन आइस हार्बरला नव्या रचनेचं टर्बाइन बसवलंय. त्यात दाबाची घसरण सौम्य राहील असा पात्यांचा आकार ठेवलाय. म्हणजे आमचे लोक हातावर हात धरून बसलेले नाहीत, हेही इथं नोंदवतो.

आणखी एक. सांडव्यावरून जास्त पाणी सोडा म्हणणं सोपं आहे, पण पाणी उंचावरून कोसळतं तेव्हा हवा घेऊन खोल जातं आणि दाबाखाली ती पाण्यात विरघळते. अशा पाण्यात पिल्लांच्या परांत, डोळ्यांत, रक्तात बुडबुडे धरतात. म्हणून विरघळलेल्या वायूचं प्रमाण संपृक्ततेच्या ११० टक्क्यांवर जाऊ नये असा मूळ नियम आहे. पाणी खोल न जाता पृष्ठभागावरून पसरावं म्हणून सांडव्याच्या पायथ्याशी काँक्रीटचे ओठ काढले, त्यामुळे फरक पडला. अलीकडे वसंतातल्या विसर्गासाठी ही मर्यादा १२५ टक्क्यांपर्यंत सैल केली आहे, आणि पिल्लांची तपासणी करत करतच ते चालतं.

काठावरची

टर्बाइनवाला, मनापासून आभार. हे इतकं नेमकं मला लिहिता आलं नसतं. बगलमार्गावरच्या तपासणीच्या जागी ही पिल्लं मी जवळून पाहिली आहेत. उथळ पन्हळीतल्या पाण्यात गुंगीचं औषध असतं. तपासणारी व्यक्ती ओल्या हातानं पिल्लू उचलते, दोन्ही बाजू बघते, परांच्या कडेला भिंगाखाली बुडबुडे शोधते, खवले किती गेलेत ते सांगते, दुसरी लिहून घेते. काही सेकंदांत पिल्लू पुढच्या टाकीत. काहींच्या पोटात तांदळाच्या दाण्याएवढी काचेची खूणपट्टी असते, बॅटरीविना चालणारी. संवेदकाजवळून गेलं की तिचा क्रमांक नोंदला जातो. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून ही पद्धत आहे, आणि कोणत्या धरणाला किती पिल्लं पोहोचली, किती मोठी होऊन परतली हे आपल्याला ठाऊक आहे ते तिच्यामुळेच. पिल्लू तळहातावर मावतं आणि हातात धरलं तर चंदेरी खवले बोटांना चिकटतात, इतके ते सैल असतात या वयात. त्या हातांना किती जपून काम करावं लागतं ते तेव्हा कळलं.

खडूफळा

मी वाचलंय की पिल्लांना बार्जमध्ये भरून धरणं ओलांडून नेतात. मग प्रश्नच मिटला ना? वर्गात मुलांना सांगायचं तर यातली मेख काय?

काठावरची

सर, नेतात. वरच्या धरणांवर बगलमार्गातून जमा झालेली पिल्लं बार्जवरच्या टाक्यांत घेतात, कमी असतील तेव्हा ट्रकमध्ये, आणि बॉनविलच्या खाली सोडतात. अमेरिकी लष्कराचं अभियंता दल हे काम अनेक दशकं करतंय. बार्जमध्ये जगण्याचं प्रमाण जवळजवळ शंभर टक्के असतं.

मेख पुढे आहे. पिल्लू खाली जाताना नदीचा वास टप्प्याटप्प्यानं लक्षात ठेवत जातं. या ओढ्याचा, मग या संगमाचा, मग मोठ्या नदीचा. काही वर्षांनी समुद्रातून परतताना तोच क्रम उलटा लावत ते घरच्या ओढ्यात पोहोचतं. बार्जमधून दोन दिवसांत खाली आलेल्या पिल्लाच्या स्मरणातले मधले दुवे कच्चे राहतात. असे मासे मोठे झाल्यावर भलत्या नदीत शिरण्याचं प्रमाण जास्त आढळतं. शिवाय एकाच टाकीत दाटीवाटीनं राहिल्यानं रोग पसरतो, ताण येतो. बॉनविलखाली जिवंत सोडलेल्या पिल्लांतली किती मोठी होऊन परतली हे मोजलं की बार्जचा फायदा पुष्कळ आटतो. उशिरा, पाणी तापलेलं असताना नेलेल्यांना फायदा होतो. वसंताच्या सुरुवातीला तो फारसा दिसत नाही. मुलांना सांगायचं तर एवढंच सांगा की पोचणं आणि परतणं या दोन वेगळ्या मोजण्या आहेत.

चांदणी

मत्स्यबीज केंद्रांतून कोट्यवधी पिल्लं सोडतात असं ऐकलं. मग मासे कमी कसे?

रानवारा

चांदणी, कोलंबिया खोऱ्यात दरवर्षी दहा कोटींहून जास्त पिल्लं केंद्रांतून सोडली जातात. त्यांतल्या बहुतेकांचा शेपटीजवळचा पाठीवरचा छोटा मांसल पर कापलेला असतो, म्हणजे गळाला लागलेला मासा केंद्रातला की रानातला ते लगेच कळतं. मासेमारी टिकली आहे ती त्यांच्यावर. पण टाकीत वरून पडणारं खाद्य खाऊन वाढलेली पिल्लं नदीत पृष्ठभागाशीच राहतात, पक्ष्यांना सहज सापडतात. रानातल्या माशांशी त्यांची वीण मिसळली की पुढच्या पिढ्यांची नदीत तगण्याची क्षमता घटते, हेही दिसलेलं आहे.

अपवाद सांगतो. स्नेकचा सॉकाय सॅमन. आयडाहोतलं रेडफिश तळं समुद्रापासून सुमारे १,४५० किलोमीटर दूर आणि २,००० मीटर उंचीवर. १९९१ मध्ये हा मासा धोक्यात असल्याचं सरकारनं जाहीर केलं, आणि १९९२ मध्ये तिथं एकच नर परतला. लोकांनी त्याला लोनसम लॅरी नाव दिलं. १९९१ ते १९९८ या सगळ्या वर्षांत मिळून १६ मासे आले. त्यांच्यापासून बंदिस्त पैदास करून तो वंश जिवंत ठेवलाय. केंद्रं नसती तर तो आज नसता.

शिकाऱ्यांबद्दलही लिहितो, कारण धाग्यात तो भाग राहिलाय. जलाशय हे शिकारी माशांचं राज्य. पाइकमिनो हा इथलाच मासा, पूर्वीही पिल्लं खायचा, पण संथ आणि कोमट पाण्यात त्याचं फावलं. १९९० पासून ठरावीक लांबीच्या वरचा प्रत्येक पाइकमिनो पकडून देणाऱ्याला पैसे मिळतात. खाडीत तर राइस बेट नदी उपसलेल्या गाळातून तयार झालं, आणि त्यावर कॅस्पियन सुरय पक्ष्यांची प्रचंड वसाहत झाली. १९९० च्या दशकाच्या अखेरीला ते वर्षाला एक कोटीच्या आसपास पिल्लं खात होते. मग त्यांना समुद्राजवळच्या ईस्ट सँड बेटावर वळवलं, तिथं समुद्री मासे मिळाल्यानं सॅमनचा वाटा घटला. त्याच बेटावरच्या पाणकावळ्यांवर २०१५ पासून बंदूक चालवली, तर ते उठून अस्टोरियाच्या पुलावर जाऊन बसले. तिथं समुद्री मासे कमी, म्हणून सॅमनची पिल्लं ते आणखी जास्त खातात. पक्षी मारून हे सुटणार नाही असं माझं ठाम मत आहे. गाळाचं बेट माणसानं केलं, थबकलेलं पाणीही माणसानं केलं.

टर्बाइनवाला

मग रोख शेवटी स्नेकवरची चार धरणं फोडण्याकडेच जाणार, तर त्यावर बोलूच. त्या चारांची क्षमता ३,००० मेगावॉटच्या वर आहे, वर्षभराची सरासरी हजाराच्या आसपास. थंडीच्या लाटेत अचानक मागणी वाढली की ती वीज हाताशी असते, कोळशाविना. गव्हाचे बार्ज लुइस्टनपासून पोर्टलंडपर्यंत जातात ते याच धरणांच्या लॉकमधून, म्हणजे नौका चढवण्या-उतरवण्याच्या कप्प्यांतून. आणि सगळी धरणं माशांच्या वाइटावर नाहीत. क्लिअरवॉटरच्या उत्तर फाट्यावरच्या ड्वोरशाक धरणातून जुलै-ऑगस्टमध्ये तळाचं थंड पाणी सोडतात, म्हणून तर लोअर ग्रॅनाइटखाली पाणी २० अंशांच्या आसपास राखता येतं. ते नसतं तर उन्हाळ्यात उतरणाऱ्या पिल्लांचं काय झालं असतं?

काठावरची

तुमचा ड्वोरशाकचा मुद्दा मला मान्य आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. फक्त एवढं जोडते की ड्वोरशाकला शिडीही नाही, धरणाच्या वरचा स्टीलहेडचा मुलूख पूर्ण गेला. आणि ते थंड पाणी लागतं ते मुळात पुढची चार जलाशयं पाणी तापवतात म्हणून.

विजेचा मुद्दा मी हलक्यानं घेत नाही. ती वीज दुसरीकडून आणावी लागेल, गव्हासाठी रेल्वे सुधारावी लागेल, शेतकऱ्याला वाऱ्यावर सोडून चालणार नाही. पण ही चार धरणं पूर अडवत नाहीत. पाणी साठवून ठेवायला त्यांच्यात जागाच नाही. त्यांनी जे काम केलं ते दुसऱ्या मार्गानं करता येतं. रेडफिश तळ्याकडे जाणारा दुसरा मार्ग सॅमनला नाही.

मला सर्वांत पटणारा पुरावा जॉन डे नदीचा. तिथला रानटी चिनूक आठऐवजी तीनच धरणं ओलांडतो. खाडी तीच, समुद्र तोच, सुरय आणि पाणकावळे तेच. समुद्राकडे गेलेल्या पिल्लांपैकी मोठी होऊन परतणाऱ्यांचं प्रमाण किमान २ टक्के हवं, सरासरी ४ टक्के असावं, असं वायव्येच्या वीज आणि संवर्धन परिषदेचं उद्दिष्ट आहे. दोनाच्या खाली वंश टिकत नाही. स्नेकचा रानटी चिनूक बहुतेक वर्षं या दोनाच्या खाली असतो. जॉन डेचा पुष्कळदा वर. समुद्राची परिस्थिती, ओढ्यांची प्रत यांचाही वाटा आहे आणि शास्त्रज्ञांत यावर वाद आहेत. पण तीन आणि आठ यांतला फरक मला नजरेआड करता येत नाही.

श्रावणसरी

इथल्या मूळ रहिवाशांचा उल्लेख कुणी केला नाही म्हणून लिहिते. १८५५ च्या करारांत नेझ पर्स, उमटिला, याकमा आणि वॉर्म स्प्रिंग्जच्या लोकांनी प्रचंड जमीन सोडली, पण आपल्या नेहमीच्या जागी मासे धरण्याचा हक्क राखून ठेवला. सेलिलो धबधबा ही त्यांची हजारो वर्षांची मासेमारीची आणि बाजाराची जागा. १० मार्च १९५७ ला द डॅलेस धरणाचे दरवाजे बंद झाले आणि काही तासांत तो धबधबा पाण्याखाली गेला. आज पिल्लं वाचवायच्या कामात, मत्स्यबीज केंद्रांपासून न्यायालयापर्यंत, हेच लोक सर्वांत पुढे आहेत. करारात मासे धरण्याचा हक्क आहे आणि नदीत मासे नाहीत, तर त्या कागदाचं करायचं काय, हा त्यांचा प्रश्न आहे.

नदीवेडा

श्रावणसरी, +१. हॅनफर्डच्या पट्ट्याबद्दलही कुणीतरी लिहायला हवं. प्रीस्ट रॅपिड्स धरणाखाली सुमारे ८० किलोमीटर कोलंबिया अजून वाहते, आणि शरदातल्या चिनूकची सर्वांत मोठी वीण तिथं होते. पण वरून वीजमागणीप्रमाणे विसर्ग कमीजास्त होतो. दिवसा पाणी चढतं, नखाएवढी पिल्लं काठच्या उथळात येतात. रात्री मागणी घटली, पाणी उतरलं की ती डबक्यांत अडकतात, उन्हानं डबकं तापतं किंवा आटतं. १९८८ च्या व्हर्निटा बार करारानं अंड्यांवरचं पाणी राखलं गेलं, आणि २००४ च्या करारानं पिल्लांच्या काळात विसर्गाचे चढउतार आवरले गेले. एकही भिंत न फोडता, फक्त दरवाजा कसा चालवायचा ते बदलून पिल्लं वाचतात हे इथं दिसतं.

मुशाफिर

धरणं काढून खरंच मासे परतल्याचं कुठं उदाहरण आहे? आणि स्नेकच्या बाबतीत सध्या सरकारची भूमिका काय?

काठावरची

उदाहरणं आहेत. वॉशिंग्टन राज्यातल्या एल्व्हा नदीवरची दोन धरणं २०११ ते २०१४ मध्ये काढली. कॅलिफोर्निया-ओरेगनमधल्या क्लॅमथ नदीवरची चार २०२४ पर्यंत निघाली, आणि त्याच ऑक्टोबरमध्ये चिनूक त्यांतल्या आयर्न गेट धरणाच्या जागेवरून वर, ओरेगनपर्यंत गेले. शंभराहून जास्त वर्षांनी. पण तिथलंही सगळं गोड नव्हतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रातली लाखो पिल्लं वरच्या ओढ्यात सोडली, आणि अजून उभ्या असलेल्या आयर्न गेटच्या बोगद्यातून जाताना ती वायूच्या बुडबुड्यांनी मेली. धरण जाईपर्यंत वर पिल्लं सोडायची नाहीत, हा धडा महागात पडला.

स्नेकबाबत आयडाहोचे रिपब्लिकन खासदार माइक सिम्प्सन यांनी २०२१ मध्ये धरणं फोडून वीज, वाहतूक, शेती यांची भरपाई करण्याची ३३.५ अब्ज डॉलरची योजना मांडली. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकार, चार जमाती आणि दोन राज्यं यांच्यात करार झाला. जून २०२५ मध्ये ट्रम्प सरकारनं त्यातून अंग काढून घेतलं. म्हणजे भांडण पुन्हा न्यायालयात.

टर्बाइनवाला

आकड्यांवर आपलं जमलंय, निष्कर्षावर नाही. तरी वसंतातला जास्तीचा विसर्ग राखावा यावर माझी सही समजा. त्या दहा-बारा आठवड्यांत विजेचं नुकसान सोसण्याजोगं आहे.

खडूफळा

मुलांना रोजचे आकडे दाखवायचे असतील तर ते मिळतात का?

काठावरची

मिळतात, सर. पोर्टलंडचं फिश पॅसेज सेंटर ते रोज प्रसिद्ध करतं, धरणाप्रमाणे. मोठ्या माशांचे आकडे वेगळे, पिल्लांचे वेगळे, विसर्ग आणि पाण्याचं तापमानही. एप्रिलच्या सुरुवातीपासून जूनअखेरपर्यंत लोअर ग्रॅनाइटचे पिल्लांचे आकडे आणि त्याच दिवसाचा विसर्ग शेजारी शेजारी मांडायला सांगा. बर्फ वितळून पाणी चढलं की पिल्लांचा लोंढा येतो, ते मुलांच्या आपोआप लक्षात येईल. मग तीच वर्षं दोन-तीन वर्षांनंतरच्या मोठ्या चिनूकच्या आकड्यांशी ताडून बघा. मांडणी जमली तर इथं नक्की टाका.